गुपिते छापणारे सरकार : रौलट अहवालाविषयी काही विचार

कलकत्त्याच्या सरकारी छापखान्याने १९१७ आणि १९१८ ह्या लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच विषयावरील दोन पुस्तके छापली. पहिले पुस्तक जेम्स कॅम्बेल केर ह्या सनदी अधिकाऱ्याचे. हिंदुस्थान सरकारच्या गुन्हे-गुप्तवार्ता खात्याच्या मुख्याधिकाऱ्याचे मदतनीस म्हणून केर यांनी काही वर्षे काम केले होते. १९०७ पासूनच्या दहा वर्षांतील क्रांतिकारक चळवळीची हकीकत त्यांनी खात्याच्या दप्तरावरून सिद्ध केली, आणि ती केवळ अधिकाऱ्यांच्या उपयोगासाठी म्हणून कुलपात ठेवण्यात आली. दुसरे पुस्तक म्हणजे सिडने रौलट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राजद्रोह-चौकशी समितीचा अहवाल. ह्याची सामग्रीही बव्हंशी त्याच दप्तरातली. माणसे तीच, मंडळ्या त्याच, खून, दरोडे आणि खटले तेच. परंतु हे पुस्तक कुलपात गेले नाही. जुलै १९१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले, वृत्तपत्रांनी त्याचे उतारे छापले, आणि सरकारने आपल्या गुप्त पोलिसांना काय ठाऊक आहे व पुढे आपण काय करू इच्छितो, हे साऱ्या हिंदुस्थानला आपण होऊन सांगितले.

रौलट कायदा शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. रौलट अहवाल मात्र फारसा कोणी उघडीत नाही. कायद्याच्या पाठोपाठ जालियनवाला बाग आली आणि त्या रक्ताने मागची सारी पाने झाकून टाकली, हे त्याचे कारण असावे. तथापि एक प्रश्न ह्या अहवालापाशीच विचारला पाहिजे. गुप्त शत्रूशी गुप्तपणे लढणारे सरकार आपली हत्यारे चव्हाट्यावर का मांडते? ज्याच्याजवळ केर यांचे पुस्तक होते, त्याला रौलटांच्या पुस्तकाची गरज का पडावी?

सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे की, धाक बसावा म्हणून. हे उत्तर १९१८ सालाला तरी लागू पडत नाही. ज्यांना धाक दाखवावयाचा ते बहुतेक त्या वेळी गजांआड होते. महायुद्ध सुरू झाल्यावर मार्च १९१५ मध्ये हिंदुस्थान-संरक्षण कायदा झाला. त्याच्या आधाराने केवळ संशयावरून माणसाला स्थानबद्ध करता येत होते आणि त्याच्यावर खटला भरण्याची आवश्यकता नव्हती. बंगालमध्ये शेकडो तरुण अशा रीतीने उचलले गेले, आणि युद्धाच्या अखेरच्या दोन वर्षांत तेथील चळवळ पुष्कळच मंदावली. म्हणजे हत्यार हाती होते व चालतही होते. अडचण इतकीच होती की ते उसने होते. युद्ध संपल्यावर सहा महिन्यांनी त्या कायद्याची मुदत संपणार होती, आणि स्थानबद्ध माणसे मोकळी होणार होती.

आता कोणी म्हणेल की जुने रेग्युलेशन होतेच. होते खरे. बंगालचे १८१८ चे तिसरे रेग्युलेशन आणि त्याच धर्तीचे मुंबई इलाख्याचे १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन ही कंपनीच्या अमदानीतली शस्त्रे म्यानातच होती. पुण्याच्या नातू बंधूंना जुलै १८९७ मध्ये ह्या मुंबई रेग्युलेशनखाली पकडून नेले. त्यांच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही, कधीच खटला झाला नाही, आणि सुमारे दोन वर्षांनी त्यांची सुटका झाली. लाला लजपतराय यांना मे १९०७ मध्ये बंगालच्या रेग्युलेशनखाली मंडालेस नेले. ही रीत मुकाट्याची. सरकार कारण सांगत नाही, म्हणून त्याला ते सिद्धही करावे लागत नाही. परंतु ह्या रीतीला मर्यादा होती. एखाददुसऱ्या पुढाऱ्याला दूर करण्यापुरती ती ठीक. शेकड्यांनी माणसे ठेवावयाची झाली म्हणजे पार्लमेंटात प्रश्न येतात, आणि मंत्र्याला काहीतरी उत्तर द्यावेच लागते. त्यात २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी हिंदुस्थानला क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे धोरण जाहीर केले होते. एका हाताने विधिमंडळे वाढवावयाची आणि दुसऱ्या हाताने बिनचौकशी कैदेचा अधिकार कायम करावयाचा, हे मुकाट्याने होण्याजोगे नव्हते. कायमचा अधिकार हवा तर कायदा हवा; कायदा हवा तर विधिमंडळापुढे कारण हवे; आणि ते कारण तर गुप्त दप्तरात पडलेले! गुप्ततेची पुढची सनद मिळवावयाची तर मागची गुपिते छापून काढणे एवढाच मार्ग सरकारपुढे उरला होता. अहवालाच्या प्रसिद्धीचे मर्म आमच्या मते येथे आहे.

पण पोलिसांच्या कागदांवर लोकांनी विश्वास का ठेवावा? म्हणून न्यायाधीश आले. १० डिसेंबर १९१७ रोजी समितीची नेमणूक झाली. अध्यक्ष रौलट हे इंग्लंडमधील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. हिंदुस्थानशी त्यांचा पूर्वसंबंध नाही, आणि तोच त्यांचा गुण. सभासदांत मुंबईचे सरन्यायाधीश सर बेसिल स्कॉट, मद्रासचे न्यायमूर्ती कुमारस्वामी शास्त्री, संयुक्त प्रांतांतील महसूल मंडळाचे लोव्हेट आणि बंगालचे एक वकील प्रभाशचंद्र मित्र. बैठका बंद दाराआड झाल्या. बहुतेक कलकत्त्यास, काही लाहोरास. समितीपुढे सरकारी कागद आले आणि मुख्यतः सरकारी अधिकाऱ्यांच्या साक्षी झाल्या. ज्यांच्याविषयी हे सारे लिहिले जाणार होते त्यांतील कोणाला बोलावून त्याचे म्हणणे ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. १५ एप्रिल १९१८ रोजी अहवाल सादर झाला. चार महिन्यांत पोलिसांच्या हकीकतीने न्यायासनाचा झगा चढविला होता.

सर बेसिल स्कॉट यांचे नाव मराठी वाचकाने थोडे थांबून वाचावे. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी वध केला. पुढे नाशिक कटाचा जो खटला मुंबईस चालला, तो १९०८ च्या खास कायद्यान्वये तीन न्यायाधीशांपुढे, ज्यूरीवाचून. ते तीन न्यायाधीश म्हणजे स्कॉट, चंदावरकर आणि हीटन. २४ डिसेंबर १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ह्याच न्यायासनाने दिली. रौलट समितीने पुढे जी शिफारस केली, की अशा गुन्ह्यांचा निवाडा ज्यूरीवाचून तीन न्यायाधीशांनी करावा आणि त्यावर अपील नसावे, तिचा नमुना स्कॉट यांना पुस्तकात शोधावा लागला नसेल.

अहवालाचे पहिले प्रकरण मुंबई इलाख्याचे आहे, आणि त्याची सुरुवात होते ती पुण्यापासून. गणपती-उत्सव आणि शिवाजी-उत्सव ह्यांच्या वाढीत क्रांतिकारक चळवळीची पहिली चिन्हे दिसतात, असे समितीचे प्रतिपादन. तेथून चाफेकर बंधूंची मंडळी, प्लेगचा बंदोबस्त, 'केसरी'चे लेख, २२ जून १८९७ ची गणेशखिंडीतली रात्र, नाशिक, आणि मग नाशिकशी धागे जुळलेले ग्वाल्हेरचे प्रकरण. बंगालच्या प्रकरणांत बडोद्याहून कलकत्त्यास गेलेले बारींद्रकुमार घोष भेटतात. ज्या गावांत आज आपण मराठीच्या सभा भरवितो त्यांतली काही ह्या अहवालात अशा वेषाने आलेली पाहून मनात काय येते, ते येथे लिहीत नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ह्या मांडणीत एक मोठी चूक आहे. उत्सव, तालीम, मेळा, पोवाडा, लेख आणि पिस्तूल ही सारी एकाच साखळीची कडी म्हणून ओळीने मांडली, की लाखो लोकांनी उघड्या मांडवात केलेली गोष्ट आणि चार जणांनी अंधारात केलेली गोष्ट ह्यांतला फरक पुसला जातो. पोलिसी दप्तराचा हा स्वभावच असतो. त्यात खुनाआधीची प्रत्येक घटना खुनाची तयारी म्हणून नोंदलेली असते. आणि खुनाकडे न गेलेल्या हजारो वाटांची त्यात नोंदच नसते.

तरीही ह्या प्रकरणात एक गंमत आहे, आणि ती समितीच्या लक्षात आली होती की नाही, कोण जाणे. दामोदर चाफेकरांनी तुरुंगात आपले आत्मवृत्त लिहिले. ते पोलिसांच्या हाती होते. लोकांना त्याचा पत्ता नव्हता. समितीने त्याचा आधार घेऊन आशय सांगितला, चाफेकरांच्या श्लोकांची भाषांतरेही दिली. बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली ती 'लघु अभिनव भारत मेळा' ह्या नावाने कविता छापल्याबद्दल. त्या कवितांत काय होते, हेही अहवालातून इंग्रजी जाणणाऱ्या कोणालाही कळू लागले. जे छापल्याबद्दल एक माणूस अंदमानात शिक्षा भोगीत होता, त्याचा सारांश सरकारी छापखाना पंजाबपासून मद्रासपर्यंत पोहोचवीत होता. शत्रूचे भयंकरत्व पटवावयाचे तर त्याचे शब्द सांगावे लागतात, आणि शब्द सांगितले की ते ऐकणाऱ्याचे होतात. हे नवीन नव्हते. गुन्हे-गुप्तवार्ता खाते १९०४ मध्ये ज्या जुन्या ठगी-डकैती खात्याच्या जागी उभे राहिले, त्या खात्याचे प्रसिद्ध अधिकारी स्लीमन यांनी १८३६ मध्ये ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोशच कलकत्त्यास छापला होता. ठगांना स्वतःची बोली शिकविण्यासाठी तो खटाटोप नव्हता. ठग म्हणून काही आहे, आणि त्यासाठी वेगळे खाते व वेगळी न्यायपद्धती हवी, हे आपल्याच वरिष्ठांना पटविण्यासाठी होता.

अहवालाचे खरे श्रोतेही कटवाले नव्हतेच. त्यांतला एक श्रोता लंडनमध्ये बसला होता. ज्या जुलै महिन्यात रौलट अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच महिन्यात माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा अहवालही प्रसिद्ध झाला, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. हिंदी लोकांना अधिकार देण्यास विरोध करणारा पक्ष विलायतेत संघटित झाला होता. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम हे त्याचे अध्वर्यू. टिळकांवर १९०८ चा खटला झाला तो ह्यांच्याच कारकिर्दीत. अशा लोकांना दाखवावयास सरकारजवळ दुसरा अहवाल होता : आम्ही देत आहो, पण हातातली दोरी सोडीत नाही. स्वतः माँटेग्यू यांना बिनखटल्याच्या कैदेचा हा विचार मनापासून आवडला नव्हता, हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून पुढे उघड झाले; तरी त्यांनी तो अडविला नाही.

दुसरा श्रोता सरकारच्या पदरचाच, म्हणजे पोलिस शिपाई, फौजदार आणि साक्षीदार. ह्यांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अलीपूर बाँबखटल्यातील माफीचा साक्षीदार नरेन गोसाईं ३१ ऑगस्ट १९०८ रोजी तुरुंगातच मारला गेला. त्या खटल्यातील सरकारी वकील आशुतोष विश्वास फेब्रुवारी १९०९ मध्ये. उपअधीक्षक शम्सुल आलम जानेवारी १९१० मध्ये, तेही कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाच्या आवारात. साक्ष देणारा जिवंत राहत नसेल तर नेहमीचे न्यायालय काय करणार, असा समितीचा प्रश्न होता, आणि तो पोकळ नव्हता. सरकार युद्धानंतरही आपल्या पाठीशी उभे राहणार आहे, हे ह्या माणसांना ऐकू जावे अशी सरकारची गरज होती. गुप्त हुकमाने ही गरज भागत नाही. ज्याला धीर द्यावयाचा त्याला तो ऐकू गेला पाहिजे.

पण धीर देण्यासाठी केलेली घोषणा कोणाच्या कानी कशी जाईल, ह्याचा धडा पुण्याने वीस वर्षांपूर्वीच दिला होता. रँड यांच्या खुनाचा तपास लागेना, तेव्हा सरकारने २०,००० रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या जाहीर बक्षिसाने काम केले. द्रविड बंधूंकडून माहिती मिळाली, दामोदर चाफेकर पकडले गेले, आणि १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना फाशी झाली. मात्र बक्षीस जाहीर असल्याने ते कोणाच्या घरी गेले हेही गावात लपून राहिले नाही. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री, पोलिस अधिकारी ब्रुइन यांनी बोलावले आहे असा निरोप द्रविडांच्या घरी आला. दोघे भाऊ बाहेर पडले आणि रस्त्यात गोळ्यांना बळी पडले. निरोप आणणारे वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे होते. त्या मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि निजामाच्या मुलखात सापडलेले बाळकृष्ण चाफेकर असे तिघे फासावर गेले. रौलट अहवालात ही सारी हकीकत आहे. परंतु तीतून समितीने काढलेला निष्कर्ष एवढाच की साक्षीदारांना संरक्षण नाही, म्हणून कायदा कडक हवा. बक्षिसाच्या जाहिरातीचा त्या दोन मृत्यूंशी काय संबंध होता, ह्याचा विचार तीत नाही.

तिसरा श्रोता म्हणजे मवाळ सुशिक्षित वर्ग. कागद आम्हांला दाखवा म्हणजे आमची खात्री पटेल, असे म्हणणारे लोक ह्या वर्गात पुष्कळ होते. त्यांच्यासाठी बंगालमध्ये एक वेगळा प्रयोग झाला. स्थानबद्धांची प्रकरणे तपासण्यासाठी १९१८ मध्ये दोन न्यायाधीश नेमले. एक बीचक्रॉफ्ट, ज्यांनी अलीपूरचा खटला चालविला होता. दुसरे सर नारायण चंदावरकर, नाशिक खटल्याच्या न्यायासनावरचे, आणि मध्यंतरी काही काळ इंदूर संस्थानचे दिवाण राहिलेले. दोघांनी मिळून ८०६ प्रकरणे पाहिली आणि केवळ ६ जणांच्या बाबतीत पुरावा अपुरा असल्याचे सांगितले. चंदावरकर हे प्रार्थनासमाजाचे अग्रणी, सचोटीचे गृहस्थ. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ८०६ माणसांपैकी कोणाचाही वकील त्यांच्यापुढे उभा नव्हता. एका बाजूचा कागद कितीही बारकाईने वाचला तरी तो एका बाजूचाच राहतो. सहा हा आकडा सरकारला फार आवडला. वाचणाऱ्या जनतेला मात्र त्यात आठशे माणसे दिसली.

आणि येथे अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांचे स्मरण केले पाहिजे. खापर्डे हे टिळकांचे स्नेही, विनोदी, गप्पिष्ट आणि ऐटबाज वकील म्हणून लोकांच्या आठवणीत आहेत. पण सप्टेंबर १९१८ मध्ये, अहवाल प्रसिद्ध होऊन दोन महिने होतात न होतात तोच, वरिष्ठ विधिमंडळात त्यांनी जो ठराव मांडला तो मोठा मर्मभेदी होता. रौलट अहवालाचा विचार तूर्त तहकूब ठेवावा, आणि सरकारी व बिनसरकारी हिंदी सभासदांच्या सारख्या संख्येची समिती नेमून गुन्हे-अन्वेषण खात्याच्या व मध्यवर्ती गुप्तवार्ता खात्याच्या कारभाराचीच कसून चौकशी करावी, असा तो ठराव. म्हणजे, तुम्ही कटवाल्यांची गुपिते छापलीत. आता ती ज्या खात्याने गोळा केली त्याचीही उघडून पाहू द्या. अहवालातील एकेका विधानाशी हुज्जत न घालता खापर्ड्यांनी त्याच्या उगमाकडेच बोट दाखविले. हा ठराव संमत होणे शक्यच नव्हते, आणि झाला नाही. परंतु सरकार आपल्या गुप्त कारभाराविषयी जे जाहीर करते ते शत्रूविषयी असते, स्वतःविषयी नसते, ही गोष्ट इतक्या नेमकेपणाने त्या सभागृहात दुसऱ्या कोणी मांडल्याचे आमच्या वाचनात नाही.

पुढची हकीकत ठाऊक आहे, म्हणून ती लांबवीत नाही. ६ फेब्रुवारी १९१९ रोजी गृहमंत्री सर विल्यम व्हिन्सेंट यांनी विधेयके मांडली. दोनपैकी एक सोडून द्यावे लागले. दुसरे १८ मार्च रोजी, निवडून आलेल्या हिंदी सभासदांचा विरोध असताना, सरकारी बहुमताने संमत झाले आणि १९१९ चा अकरावा कायदा म्हणून नोंदले गेले. श्रीनिवास शास्त्र्यांसारख्या परम मवाळ पुढाऱ्यानेही त्यावर अत्यंत कळकळीचे भाषण केले. वाईट कायदा नेहमी वाईट माणसांवरच चालतो असे नाही, हा त्यातील आशय. जिना, मालवीय आणि मझहरुल हक यांनी सभासदत्वाचे राजीनामे दिले.

ह्या कायद्याची रचना आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. संशयिताला स्थानबद्ध केल्यावर एका तपास-मंडळाने त्याचे प्रकरण पाहावयाचे होते. पण बंद दाराआड, वकिलावाचून, आणि ज्या गोष्टी सांगितल्याने कोणाच्या जिवाला अपाय होईल त्या संशयिताला न सांगता. इतकी गुप्तता! परंतु कायद्याचा कोणताही भाग एखाद्या प्रांतात लागू करावयाचा तर आधी सरकारी गॅझेटात जाहीरनामा काढावा लागे, की ह्या प्रदेशात क्रांतिकारक चळवळ इतकी माजली आहे की सार्वजनिक सुरक्षिततेसाठी हे करणे आवश्यक झाले आहे. कोंडीत सापडलेल्या माणसाशी बोलावयाचे नाही, आणि त्याच्या प्रांताबद्दल मात्र दवंडी पिटावयाची! न्यायाधीशांनी सुचविलेला हा जाहीरनामा लोकांच्या हिताचे बंधन म्हणून आला होता, हेही खरे. सरकारने मनात येईल तेव्हा मुकाट्याने अधिकार वापरू नये, असा त्याचा अर्थ. लोकांनी तो तसा घेतला नाही. त्यांनी ना वकील, ना दलील, ना अपील एवढेच लक्षात ठेवले.

महात्माजींनी हा अहवाल वाचला तो वर्तमानपत्रांत. ते नुकतेच जिवावरच्या दुखण्यातून उठले होते. त्याच्या शिफारशींनी आपण चकित झालो, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. २४ फेब्रुवारीस साबरमतीला सत्याग्रहाची प्रतिज्ञा झाली. त्या प्रतिज्ञेची तऱ्हा पाहिली म्हणजे सरकारच्या गुप्ततेला मिळालेले उत्तर कोणत्या जातीचे होते ते कळते. बंदी घातलेली पुस्तके ६ एप्रिलला मुंबईच्या रस्त्यावर उघड विकली गेली. परवान्यावाचून काढलेल्या 'सत्याग्रही' पत्रकाची प्रत पोलिस कमिशनरकडे धाडण्यात आली. कायदा मोडणाराच पोलिसांना वर्दी देऊ लागला. कटांचा माग काढण्यात मुरलेल्या खात्याजवळ ह्यावर इलाज नव्हता. केर यांच्या पुस्तकात ह्या प्रकाराला रकानाच नव्हता.

आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप, तो कायदा? तो कधीच, कोठेही लागू केला गेला नाही. १० एप्रिलला अमृतसरहून डॉ. किचलू आणि डॉ. सत्यपाल यांना उचलून धरमशालेस नेले, ज्यातून पुढचे अनर्थ घडले, ते हिंदुस्थान-संरक्षण कायद्याच्या अधिकाराने. 'बाँबे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन यांना त्याच महिन्यात विलायतेच्या बोटीवर चढविले, तेही त्याच अधिकाराने. जुने हत्यार मुकाट्याने चालतच होते. नव्या हत्याराची नुसती घोषणा झाली, आणि १८१८ पासून शंभर वर्षे रेग्युलेशनने जे केले नव्हते ते तिने दोन महिन्यांत केले. खेड्यापाड्यांतील दुकानदाराला सरकारच्या गुप्त अधिकाराविषयी मत असण्याचे कारण नव्हते. सरकारने ते त्याला दिले. ६ एप्रिलला त्याने दुकान बंद ठेवले.

सर तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली १९२१ मध्ये दडपशाहीच्या कायद्यांची समिती बसली, तिने हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली, आणि १९२२ मध्ये तो रद्द झाला. ह्यावरून सरकार काही शिकले असेल तर ते काय, हे दोनच वर्षांनी दिसले. ऑक्टोबर १९२४ मध्ये बंगालकरिता व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी नवा वटहुकूम काढला. त्यातील अधिकार रौलट कायद्याच्याच वंशातले. पण ह्या खेपेस आधी न्यायाधीशांची समिती नव्हती, प्रसिद्ध अहवाल नव्हता, विधिमंडळात चर्चा नव्हती. २५ ऑक्टोबरला उजाडण्यापूर्वी कलकत्त्यात धाडी पडल्या. महापालिकेचे मुख्याधिकारी सुभाषचंद्र बोस यांना घरातून उचलण्यात आले, आणि तेही पुन्हा त्या जुन्या १८१८ च्या रेग्युलेशनखाली. वटहुकूम लोकांनी वाचला तो त्यानंतर.

रौलट अहवाल मात्र टिकला, आणि त्याच्या कर्त्यांनी कल्पिलेही नसेल अशा कामासाठी. क्रांतिकारक चळवळीचा पहिला सलग इतिहास म्हणून पुढच्या पिढ्यांनी तोच उघडला. चाफेकरांची मंडळी कोणत्या साली निघाली, नाशिकहून पिस्तुले कोठे गेली, बडोद्याचा माणूस कलकत्त्यास केव्हा पोहोचला, ह्या तारखा कित्येक देशभक्तिपर चरित्रांत ह्याच सरकारी पुस्तकातून आल्या. आणि तारखांबरोबर, लेखकाच्या नकळत, उत्सवापासून पिस्तुलापर्यंतची ती साखळीही आली. आमच्यापैकी कितीतरी शिक्षकांनी ती वर्गात जशीच्या तशी सांगितली आहे, प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. केर यांच्या गोपनीय पुस्तकाचे पुनर्मुद्रण १९७३ मध्ये झाले आणि ते कोणालाही विकत मिळू लागले. उत्सुकतेने ते उघडणाऱ्या अभ्यासकाला त्यातला बराचसा मजकूर ओळखीचा वाटतो. तो १९१८ सालीच छापून झालेला होता.